शुगर आहे आणि लर्निंग लायसन्स काढायचंय? कागदपत्रांत या चुका टाळा

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी लर्निंग लायसन्सचा अर्ज भरला. तेव्हा शुगरला नऊ वर्षं झाली होती. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन नाही. मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे एका फेरीचं काम, असं वाटलं होतं; तीन फेऱ्या लागल्या. दोन माझ्याच चुकीने.

पहिली चूक ऐन मे महिन्यातली. "शुगर वाढलेली दिसली तर डॉक्टर सही देणार नाहीत" या धास्तीने मी सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता टाळला. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझा नंबर लागेपर्यंत साडेबारा वाजले. हात थरथरायला लागले, मानेवरून घामाची धार, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन-दोन दिसू लागलं. मला वाटलं, ऊन लागलं असेल. कंपाउंडरच्या लक्षात आलं. त्याने बोट टोचलं, मशिनवर ५८ आला, म्हणजे शुगर फारच उतरली होती.

"ताई, सकाळी काय खाल्लं?"

"काहीच नाही."

साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, "आज सर्टिफिकेट देत नाही. तुम्ही आत्ता गाडीवर असता तर?" त्यांचं बरोबर होतं.

आणि ज्या आकड्यासाठी मी उपाशी राहिले, तो आकडा फॉर्ममध्ये कुणी विचारतच नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि ट्रान्सपोर्टचं लायसन्स हवं असेल तर कुठल्याही वयात, लागतो तो फॉर्म १-ए. तो डॉक्टर भरतात. त्यात दृष्टी, रंग ओळखणं, ऐकू येणं, रातांधळेपणा आणि हातापायांची अवस्था विचारलेली असते. शुगरचा रकानाच नाही. फॉर्म १ आपण स्वतः भरायचा असतो. त्यात आकडीबद्दल, तसंच कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, असा प्रश्न आहे. शेवटी, गाडी चालवताना लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का, असंही विचारलंय. शुगरवाल्याने थांबून वाचायचे ते हे दोन प्रश्न.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. एजंट सगळीकडे 'नाही' टाकतो आणि सही घेतो. माझ्याकडेही एकाने तसाच फॉर्म भरून आणला होता. मी तो परत केला. सही आपली असते, म्हणजे घोषणाही आपलीच. शुगर आहे एवढ्यावरून 'हो' लिहावं लागत नाही. पण गेल्या काही महिन्यांत शुगर उतरून शुद्ध गेली असेल, किंवा उतरलेली कळतच नसेल, तर अर्ज थांबवा. आधी औषधाचा डोस बसवून घ्या. असं काही दडवून काढलेलं लायसन्स रस्त्यावरच्या पोरासोरांच्या जिवावर बेततं, हे मी अगदी मनापासून सांगते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी इथे जास्त जपायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर अशी घसरणं विरळा.

वीस-बावीस वर्षांची टाइप वन (इन्सुलिन घ्यावंच लागतं ती शुगर) असलेली मुलं आणखी एका भ्रमात असतात. साध्या दुचाकी-चारचाकीसाठी त्यांना फॉर्म १-ए लागत नाही, म्हणून "आम्हाला डॉक्टरांची गरजच नाही" असं ती धरून चालतात. घोषणा त्यांनाही लिहून द्यायची आहेच. नेहमीच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा: उपचार कोणते, शुगर उतरल्याचं कळतं का, गाडी चालवायला हरकत आहे का.

डोळ्यांचं आता सांगते, कारण दुसरी फेरी त्यामुळेच वाया गेली. पडदा तपासायला डोळ्यांत थेंब टाकले, आणि तिथूनच मी थेट सर्टिफिकेटला गेले. बाहुल्या मोठ्या झालेल्या, काही तास सगळं धूसर. फॉर्ममध्ये विचारलेली २५ मीटरवरची नंबर प्लेट कशी वाचणार? पडद्याची तपासणी आणि सर्टिफिकेट कधीच एका दिवशी ठेवू नका. दुसरं म्हणजे, शुगर वरखाली होत असताना किंवा नवीन औषध सुरू झाल्यावर चष्म्याचा नंबरही बदलतो, काही आठवड्यांनी स्थिरावतो. घाईने केलेला चष्मा मग उपयोगाचा राहत नाही. पडद्यावर लेझर झालं असेल तर रात्री कमी दिसू शकतं. ते डॉक्टरांना आपणहून सांगा. चष्मा लावून वाचता आलं तरी चालतं, तेव्हा चष्मा घरी विसरू नका. जाण्याआधी मी गल्लीत पस्तीस पावलं मोजली आणि शेजाऱ्यांच्या एमएच ३१ स्कूटरची पाटी आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने वाचून पाहिली.

तिसऱ्या वेळी पाय तपासले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवत गेले. "टोचलं की सांगा." उजव्या पायाला मी दर वेळी 'हो' म्हटलं. डाव्या अंगठ्याला धागा वाकेपर्यंत लावला होता. मला कळलंच नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाचे, म्हणून तेवढ्यावर अडलं नाही, पण त्याच दिवशी पायाचे उपचार सुरू झाले. मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, असं काही असेल तर "वयामुळे होतं" म्हणून गिळू नका.

बाकीचं थोडक्यात. डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यावरचे हवेत. आता ते सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) स्वतःच्या लॉगिनमधून आपल्या अर्ज क्रमांकावर सर्टिफिकेट टाकतात, म्हणून आधी अर्ज भरून क्रमांक घ्या आणि निघण्याआधी त्यांची पोर्टलवर नोंदणी आहे का ते फोनवर विचारा. नाहीतर छापील फॉर्म हातात घेऊन गिरीपेठच्या आरटीओपर्यंत उगाच हेलपाटा होतो. नाव आधारवर आहे तसंच लिहा. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव निघालं आणि दोन दिवस त्यातच गेले.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. सरावाच्या दिवसांत जेवल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका, निघण्याआधी शुगर तपासा, ९०च्या खाली असेल तर आधी खा. चालवताना थरथर वाटली तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, ग्लुकोज घ्या. शुगर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास चालवू नका. ग्लुकोजची पुडी डॅशबोर्डमध्ये ठेवली तरी चालेल. इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या मात्र नागपूरच्या उन्हात बंद गाडीत कधीच ठेवू नका. त्या माझ्या पर्समध्ये असतात, पाण्याच्या बाटलीशेजारी.