कुळथाची पिठी घरात असली की स्वस्तात पोटभर जेवण

पावसात मासेमारी बंद, मासळी महाग, तेव्हा आमच्याकडे मालवणात पिठी-भातच चालतो आणि खरं सांगते त्यात काही कमी वाटत नाही. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, शिवाय लोहही.

तयार पाकीट घेण्यापेक्षा किलोभर कुळीथ आणा, मंद आचेवर खमंग भाजा, भरडून साल पाखडा आणि गिरणीतून बारीक दळून आणा, हवाबंद डब्यात महिनोन्महिने टिकते.

चौघांना ४ चमचे पिठी पुरते. ती आधी थंड पाण्यातच कालवायची, गरम पाण्यात टाकलीत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चमचाभर तेलात भरपूर लसूण, मिरची, कांदा परतून त्यात हे पाणी, मीठ आणि २-३ सोलं (आमसुलं) टाकून ढवळत उकळी आणायची, गार झाल्यावर घट्ट होते म्हणून पातळच ठेवा.

सोबत परसातला शेवग्याचा पाला नाहीतर पावसाळ्यात उगवणारा कोवळा टाकळा, कांदा आणि ओलं खोबरं घालून, आणि मुलांसाठी वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी चांगलं लागतं. सुकट भाजून घेतलीत तर मग काय विचारूच नका!