सेंद्रिय आम्लांची टीएलसी: प्लेट चेंबरमध्ये उतरवण्याआधी

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: प्लेटवरच्या पातळ थरातून द्रावक वर चढतं आणि नमुन्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. सुरुवात प्रयोगवहीतल्या एका ओळीने करा: नमुन्यात कोणती आम्लं आहेत एवढंच ओळखायचं आहे, की एखाद्याचं प्रमाणही काढायचं आहे? ओळखण्यापुरतं काम असेल तर शुद्ध आम्लांचे ठिपके शेजारी देऊन एक प्लेट चालवली की भागतं. मोजायचं असेल तर गोष्ट वेगळी. मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा तयारीत, प्लेट चेंबरमध्ये उतरण्याच्या कितीतरी आधी. ही यादी मोजणाऱ्यांसाठी आहे.

नमुना गाळून घ्या, आणि त्यातलं आम्ल खरोखर आम्लाच्या रूपात आहे का ते पाहा. फळांच्या रसात किंवा किण्वनाच्या द्रावणात टार्टारिक, मॅलिक, सायट्रिक यांचा काही भाग पोटॅशियम किंवा कॅल्शियमच्या क्षाराच्या रूपात असतो. असा नमुना तसाच लावला तर ठिपक्याला शेपूट फुटते आणि प्रमाण कमी येतं. हायड्रोजन रूपातल्या कॅटायन रेझिनच्या (पोटॅशियम-कॅल्शियम धरून त्यांच्या जागी हायड्रोजन सोडणाऱ्या दाण्यांच्या) छोट्या स्तंभातून नमुना जाऊ द्या, मग स्तंभ पाण्याने धुऊन ते पाणीही त्यातच मिळवा आणि अंतिम आकारमान नोंदवा. मात्र क्लोराइड, सल्फेट असतील तर तीही याच टप्प्यावर आम्लं होऊन बाहेर येतात आणि दर्शकाला, म्हणजे शेवटी प्लेटवर फवारायच्या, आम्लाने रंग बदलणाऱ्या द्रव्याला, तेवढीच पिवळी दिसतात. साखर भरपूर असेल तर ठिपका चिकट होतो, पसरतो. तेव्हा ॲनायन रेझिनवर आम्लं धरून ठेवायची, साखर पाण्याने धुऊन काढायची आणि आम्लं नंतर फॉर्मिक आम्लाने सोडवून घ्यायची. नमुन्याच्या एका वाट्यात मोजायच्या आम्लाची माहीत असलेली मात्रा मिसळा आणि तो वाटाही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. घातलेलं किती परत मिळालं हे कळल्याशिवाय शेवटच्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

प्लेट सेल्युलोजची घ्यावी असं माझं मत. पेपर क्रोमॅटोग्राफीतली द्रावकं तिच्यावर जवळपास तशीच चालतात आणि दर्शकाची पार्श्वभूमी स्वच्छ येते. सिलिका जेलही चालते. फक्त प्लेटवर ‘एफ २५४’ (थरात अतिनील प्रकाशात चमकणारं द्रव्य असल्याची खूण) लिहिलंय म्हणून अतिनील दिव्याखाली ठिपके दिसतील अशी आशा धरू नका. फ्युमरिकसारखं दुहेरी बंध असलेलं आम्ल गडद दिसेल, पण सायट्रिक, मॅलिक, टार्टारिक यांचा पत्ता लागणार नाही.

आता द्रावक. १०० मिलि एन-ब्युटेनॉल, १०० मिलि पाणी आणि सुमारे ११ मिलि फॉर्मिक आम्ल विभाजन नरसाळ्यात हलवा, थर वेगळे होऊ द्या आणि वरचा थर घ्या. फॉर्मिक कशासाठी, हे समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. ते नसेल तर आपली आम्लं अंशतः आयनीभवन होऊन दोन रूपांत धावतात आणि ठिपका ओघळल्यासारखा लांबतो. फॉर्मिक हे आयनीभवन दाबून ठेवतं. ॲसेटिक आम्लही हेच काम करतं, पण ते ११८ अंशांना उकळतं आणि फॉर्मिक १०१ अंशांच्या आसपास, त्यामुळे नंतर प्लेटवरून फॉर्मिक घालवणं सोपं जातं. हे मिश्रण त्याच दिवशी करा. ठेवलं तर ब्युटेनॉल आणि फॉर्मिक यांचं एस्टर बनत जातं आणि आरएफ (ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर) सरकतो. फॉर्मिकने कातडी भाजते आणि ब्युटेनॉल पेट घेतं, म्हणून हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड, आणि जवळपास बर्नर नको.

प्रमाण द्रावणं, म्हणजे तुलनेसाठी शुद्ध आम्लांची माहीत तीव्रतेची द्रावणं, एका मिलिलिटरात ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिग्रॅम अशी दुपटीने वाढणारी करा. प्रत्येकी २ मायक्रोलिटर लावलं की प्लेटवर १ ते १६ मायक्रोग्रॅम बसतात. आम्लांचं मिश्रण चालेल, पण ठिपक्याच्या आकारावरून वस्तुमान सांगणारा आलेख प्रत्येक आम्लाचा वेगळा काढायचा. दर्शक वजन बघत नाही, आम्लता बघतो. सायट्रिकला तीन कार्बॉक्सिल गट, लॅक्टिकला एकच. एकाचा आलेख दुसऱ्याला लावला की उत्तर हमखास चुकतं. या द्रावकात टार्टारिक सर्वांत खाली राहतं, त्यावर सायट्रिक, मग मॅलिक. लॅक्टिक आणि सक्सिनिक वर जाऊन जवळपास एकाच जागी थांबतात. ही दोन्ही तुमच्या नमुन्यात असतील तर हे द्रावक पुरेसं नाही, आधी दुसरं शोधा.

२० सेंमी रुंद प्लेटवर कडेपासून १.५ सेंमी सोडून दीड-दीड सेंमीवर बारा जागा मिळतात. पाच प्रमाण द्रावणांना, सहा नमुन्याला (दोन विरलता, प्रत्येकी तीनदा) आणि एक जागा कोऱ्या पाण्याला. प्रमाण द्रावणं त्याच प्लेटवर हवीतच, कालच्या प्लेटचा आलेख आज चालत नाही. रेघ पेन्सिलने, खालून दीड सेंमीवर. शाई स्वतःच वर धावते. ठिपका २-३ मिलिमीटरचा ठेवा, मायक्रोसिरिंजने थोडं थोडं लावून मध्ये वाळवत. थराला बोट लावू नका.

चेंबरला आतून गाळणकागद लावा, द्रावक अर्धा सेंमी खोल ओता, झाकण घालून अर्धा तास थांबा. ब्युटेनॉल सावकाश चढतं, त्यामुळे काही तास हाताशी ठेवा. प्लेट काढताक्षणी द्रावकाची सीमा पेन्सिलने आखा.

वाळवणं हा मोजणीतला सर्वांत नाजूक भाग. प्लेटवर फॉर्मिक उरलं तर फवारल्यावर अख्खी प्लेट पिवळी होते आणि ठिपके त्यात बुडून जातात. हूडमध्ये रात्रभर राहू द्या. ओव्हनमध्ये तापवून घाई केली तर लॅक्टिकसारखं आम्लही थोडं उडून जाण्याचा धोका असतो. ॲसेटिक तर असंही प्लेटवर टिकत नाही, त्याला या पद्धतीत धरूच नका. दर्शक म्हणजे इथेनॉलमधलं ०.०४ टक्के ब्रोमोक्रेसॉल ग्रीन, त्यात सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून जेमतेम निळं केलेलं. ते ३.८ पीएचच्या खाली पिवळं आणि ५.४ च्या वर निळं असतं. आधी प्लेटच्या रिकाम्या कडेवर एकच फवारा मारा. कड निळी राहिली तरच बाकीची प्लेट फवारा. पिवळी झाली तर परत हूडमध्ये. त्या दिवशी खोलीत अमोनियाची बाटली कुणी उघडणार नाही हेही बघा.

कॅमेरा स्टँडवर आणि मोजपट्टी प्लेटशेजारी आधीच मांडून ठेवा, कारण पिवळे ठिपके फार वेळ तसेच राहत नाहीत. ठिपक्याच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ आणि त्यातल्या आम्लाच्या वस्तुमानाचा लॉगॅरिदम यांचा आलेख सरळ रेषेत येतो, म्हणून तर द्रावणं दुपटीने केली. नमुन्याचा ठिपका या रेषेच्या दोन टोकांच्या आत पडला पाहिजे. बाहेर पडला तर रेषा लांबवू नका, दुसऱ्या विरलतेचा ठिपका बघा. तोही बाहेर असेल तर नवी विरलता आणि नवी प्लेट.