शेवाळावरच्या जिवाणूंचा डीएनए: बडोद्याला पोचण्याआधीच होणाऱ्या चुका

बडोद्यात विश्वामित्री नदी आहे, समुद्र नाही. समुद्री शेवाळ मिळतं तो सौराष्ट्रातला ओख्याचा किनारा इथून पाचशे किलोमीटरहून लांब. सोळा-एस जनुकावरून (हे सगळ्या जिवाणूंत असतं, पण जातीगणिक थोडं बदलतं) शेवाळावरचे जिवाणू ओळखायचं काम बहुतेक वेळा त्या वाटेवरच बिघडतं, आणि दोष मात्र पीसीआरच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पायरीच्या) माथी मारला जातो.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे पिशवीत शेवाळ, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि रात्रीची गाडी. ४ अंशांना सगळे जिवाणू थांबत नाहीत. फाटलेल्या शेवाळातून झिरपणाऱ्या साखरेवर काही जाती वाढत राहतात, आणि सकाळी तुम्ही ओख्याचा नव्हे, डब्याचा अभ्यास करत असता. स्वॅब (बोळा लावलेल्या काडीनं पृष्ठभाग घासून घेतलेला नमुना) किनाऱ्यावरच घ्या आणि लगेच ड्राय आइसवर ठेवा. ते जमत नसेल तर ९५ टक्के इथेनॉलच्या नळीत बुडवा. फक्त डीएनए काढण्याआधी ते पूर्ण उडवून टाका, नाहीतर पीसीआर अडतं.

स्वॅबआधी शेवाळ धुवायचं ते समुद्राच्याच पाण्यानं: ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यानं, ३ वेळा, हलक्या हातानं. नळाचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं की मीठ एकदम कमी होऊन पेशी फुटतात. त्याच जागचं लिटरभर समुद्राचं पाणीही गाळून फिल्टर जपून ठेवा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणता जिवाणू शेवाळावरचा आणि कोणता नुसता लाटेबरोबर आलेला, हे सांगता येत नाही. एकाच शेवाळाचे तीन स्वॅब म्हणजे तीन नमुने नव्हेत. निदान ५ वेगवेगळी शेवाळं घ्या आणि प्रत्येकाचा तोच भाग घासा, कारण बुडख्याची आणि टोकाची वस्ती सारखी नसते.

आता क्लोरोप्लास्ट, म्हणजे शेवाळाच्या पेशीतलं प्रकाशसंश्लेषणाचं अंग. त्याचा उगम सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंत, त्यामुळे त्याचंही सोळा-एस तुमच्या प्रायमरला (पीसीआर जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) चिकटतं. अख्खं शेवाळ वाटलं तर बहुतांश रीड (सिक्वेन्सिंग यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे) शेवाळाचेच निघू शकतात. म्हणून वाटू नका, घासा: २५ चौरस सेंटिमीटर, ३० सेकंद. उल्वा या हिरव्या शेवाळाचं पान जेमतेम दोन पेशी जाडीचं असतं, तिथे हात आणखी हलका ठेवा. सरगॅसम हे तपकिरी शेवाळ जरा सोसतं. बाजारात मिळणारे पीएनए क्लॅम्प (क्लोरोप्लास्टच्या डीएनएची प्रत निघू न देणारे तुकडे) बहुधा जमिनीवरच्या झाडांसाठी बेतलेले असतात. तुमच्या शेवाळाच्या क्लोरोप्लास्टशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिल्याशिवाय पैसे घालू नका. ७९९ एफ प्रायमर घेतला तर क्लोरोप्लास्टबरोबर खरे सायनोबॅक्टेरियाही हुकतात. जे उरेल ते सिल्व्हा या सोळा-एसच्या डेटाबेसच्या यादीतल्या ‘क्लोरोप्लास्ट’ आणि ‘मायटोकॉन्ड्रिया’ या नावांवरून गाळा, पण गाळल्यावर किती रीड उरले ते आधी मोजा. हजारभरच उरले तर आणखी सिक्वेन्सिंग करण्यापेक्षा नमुना पुन्हा आणणं शहाणपणाचं.

पीसीआरनंतर जेलवर डीएनएची पट्टी येत नाही? डीएनए १:१० आणि १:५० पातळ करून पाहा. पातळ केल्यावर आली, तर शेवाळातलं अल्जिनेट, अगार किंवा कॅराजीनन (चिकट, साखरेच्या साखळ्यांचे पदार्थ) आडवं येत होतं. चिकट, शेंबडासारखा गोळा हे त्याचंच लक्षण. डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये १.४ मोलर मीठ आणि १ ते २ टक्के पीव्हीपी हे पॉलिमर ठेवा, पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घाला. क्यूबिटचा (डीएनए मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा भरघोस दिसला म्हणून हुरळू नका, त्यात शेवाळाचा डीएनएही मोजला जातो.

सोळा-एसचा व्ही३-व्ही४ भाग घेऊन २ × २५० (दोन्ही टोकांकडून २५० अक्षरांचे) रीड मागवणं ही हमखास फसगत. सुमारे ४६० बेसचा तुकडा, दोन्ही बाजूंनी मिळून ५०० बेस. शेपटीची खराब अक्षरं छाटली की रीड एकमेकांना भेटतच नाहीत. २ × ३०० घ्या, किंवा नुसता व्ही४. डाडा-२ हे रीड साफ करणारं सॉफ्टवेअर चालवण्याआधी रीडमधले प्रायमर कापा, नाहीतर चांगल्या रीडवरही कायमेराचा (दोन डीएनएचे तुकडे जुळून झालेल्या खोट्या रीडचा) शिक्का बसतो.

कोरा स्वॅब, कोरं एक्स्ट्रॅक्शन आणि कोरं पीसीआर (म्हणजे नमुना न घालता केलेले) हे तिन्ही सिक्वेन्सिंगला पाठवाच, पट्टी दिसत नसली तरी. स्वॅबवर जिवाणू मुळात थोडे, त्यामुळे किटमधून आलेले राल्स्टोनिया आणि ब्रॅडिरायझोबियम तिथे ऐटीत पहिल्या दहात बसतात.