पावसाळी चराई: कुरणातल्या नत्राचा हिशेब परदेशी आकड्यांवर नको

पाऊस लागला, माळ हिरवा झाला, जनावरे चरायला सुटली, की युरियाचा प्रश्न येतोच. शेण-मूत्र तर कुरणात पडतेच आहे, मग वरून किती द्यायचे? शोधू जाता न्यूझीलंड-आयर्लंडचे आकडे हाती येतात. ते चुकीचे नसतात, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा असतो.

आयर्लंडच्या नियमात दुधावरून गाईच्या शेण-मूत्रातले वर्षाचे नत्र धरतात: वर्षाला 4500 किलोपर्यंत दूध देणारी 80 किलो, 6500 पर्यंतची 92, त्यापुढची 106. यात गोठ्यात पडणारेही आले. युरोपीय संघाची हेक्टरी 170 किलोची मर्यादा जनावरांच्या खतातल्या नत्राला आहे. न्यूझीलंडची 190 किलोची मर्यादा (1 जुलै 2021 पासून) फक्त कृत्रिम खतातल्या नत्राला. हे दोन आकडे शेजारी मांडणे म्हणजे दुधाचा दर कडब्याच्या दराशी ताडणे.

तुलना करायचीच तर आयपीसीसीचे (हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती) 2006 चे सूत्र घ्या: गाईचे वजन टनात × रोजचा दर (टन वजनामागे किती किलो नत्र) × 365. ओशनियात (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे) 500 किलोची दुभती गाय, दर 0.44, म्हणजे वर्षाला 80 किलो नत्र. पश्चिम युरोपात 600 किलो आणि 0.48, म्हणजे 105. भारतीय उपखंडात 275 किलो आणि 0.47, म्हणजे 47. आता त्यातले कुरणात किती पडते? ओशनियात 76 टक्के, पश्चिम युरोपात 20, आपल्याकडे 27. गाईमागे अनुक्रमे 61, 21 आणि 13 किलो. युरोपातली गाय सगळ्यात जास्त टाकते, पण बहुतेक गोठ्यातच. आपल्याकडचे निम्मे शेण या सूत्रात गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि ते नत्र शेताला मिळतच नाही.

आता घरचा हिशेब. 400 किलोच्या सहा संकरित गाई: 6 × 0.4 × 0.47 = रोज 1.13 किलो. चराई सहा तास, म्हणजे दिवसाचा पाव भाग: 0.28 किलो. 120 दिवसांत सुमारे 34 किलो. कुरण एक हेक्टर असेल तर कागदावर 45 किलोच्या दीड गोणी युरियाहून थोडे जास्तच. तेवढा युरिया कमी करू नका. आमच्या मते तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण 24 किलो युरिया, वजा धरावा.

कारण मूत्र सारखे पसरत नाही. गाय एका वेळी दोनेक लिटर टाकते. लिटरला 8 ग्रॅम नत्र धरले तर 16 ग्रॅम, आणि तेही पाव चौरस मीटरवर. हेक्टरी दर निघतो 640 किलो! कुरणात उभे राहून पाहा: तेवढ्याच डागात गवत काळेभोर हिरवे आणि गुडघाभर, वीतभर बाजूला पिवळट. डागातले नत्र गवताला पेलत नाही. काही अमोनिया होऊन उडते, काही नायट्रेट होऊन पावसाबरोबर मुळांखाली जाते. डागाबाहेर मात्र काहीच पोचलेले नसते.

झाडाखाली आणि पाण्याच्या टाकीभोवती जनावरे जास्त वेळ थांबतात, तिथे युरिया अजिबात टाकू नका. हलवता येणारी टाकी असेल तर दर तीन-चार दिवसांनी जागा बदला. बाकी कुरणाला एका वेळी एकरी 20-22 किलो युरिया पुरे. तो जनावरे दुसऱ्या तुकड्यात हलवल्यावर, वाफसा असताना द्यावा आणि त्यानंतर तीन आठवडे तो तुकडा बंद ठेवावा. मुसळधार पावसाच्या तोंडावर दिलेला युरिया ओढ्याला जातो.

न्यूझीलंडमध्ये शरद-हिवाळ्यात जनावरे कुरणाबाहेर ठेवायला सांगतात, कारण तिथे नत्र तेव्हा झिरपते. आपल्याकडे ते उन्हाळ्यात साचते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहते. म्हणून गोठ्यामागचा उकिरडा पावसाआधीच उपसावा.

पावसाने ताण दिला, पीक खुरटले, की उकिरड्याच्या जागेवरच्या ज्वारी-मक्यात नायट्रेट साठते आणि ते जनावराला विषारी ठरते. खोडाच्या खालच्या भागात ते सर्वाधिक असते आणि वाळवल्यानेही जात नाही. अशा ठिकाणी उपाशी जनावर सोडू नये, चारा कापताना खालचा वीतभर बुडखा रानातच सोडावा. जनावर धापा टाकू लागले, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर चारा लगेच काढून घ्या, जनावराला पळवू नका आणि पशुवैद्यकाला त्याच क्षणी बोलवा.