लष्करी वैद्यकीय संशोधनाच्या पुरस्कारासाठी साइटेशन कसं लिहावं

पुरस्काराचं परिपत्रक डाकेतून फिरत फिरत तुमच्या टेबलावर येतं तेव्हा अंतिम तारखेला जेमतेम आठवडा उरलेला असतो. त्यातले दोन दिवस ओपीडीत जातात, एक मेडिकल बोर्डात, एक कुणा साहेबांच्या भेटीच्या तयारीत. मग रात्री उशिरा जुन्या बायोडेटातून चार परिच्छेद उचलायचे, त्यांवर ‘पाथब्रेकिंग’ची झूल चढवायची आणि कागद ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ वर सरकवायचा. हे मी भरपूर पाहिलंय. मी डॉक्टर नाही, वर्दीही कधी घातली नाही. पुण्यात लष्करी डॉक्टरांच्या संशोधनाची आकडेमोड तपासण्यात माझी नोकरी गेली. कॅप्टनपासून ब्रिगेडियरपर्यंत सगळे शेवटी एकच म्हणत यायचे, ‘मॅडम, आकडे तेवढे एकदा बघून द्या.’ आकडे बघता बघता साइटेशनही, म्हणजे पुरस्काराच्या अर्जात कामगिरी मांडणारा मजकूरही, बघावं लागायचं.

आधी अर्ज कुठे करायचा ते ठरवा. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेची स्वतःची संशोधन समिती आहे, एएफएमआरसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल रिसर्च कमिटी). तिच्या मंजुरीने आणि पैशाने चाललेल्या प्रकल्पांसाठी, त्यांतून निघालेल्या शोधनिबंधांसाठी घरचीच पदकं असतात. काळा आजाराचा परजीवी ज्यांनी पाहिला त्या लेशमन यांच्या नावाचं स्मृतिपदक त्यातलं, मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांच्या नावाचा पुरस्कारही. सोखी म्हणजे परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक, मूळचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. या पुरस्कारांत परीक्षक तुमच्याच सेवेतले असतात, त्यामुळे ‘फॉरवर्ड एरिया’ (सीमेलगतचा तैनातीचा भाग) म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरच्या पुरस्कारांचं गणित निराळं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारितोषिकं असायची; आता कुठली चालू आहेत ते आधी बघा. त्यातली अमीरचंद नावाची एका मेजर जनरलच्याच देणगीतून सुरू झालेली होती, हे अनेक लष्करी डॉक्टरांच्याही गावी नसतं. भटनागर पारितोषिकाची जागा आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराने घेतलीय. ४५ वर्षांपर्यंतच्यांसाठी त्यात ‘विज्ञान युवा’ आहे आणि तीन किंवा अधिक जणांच्या चमूसाठी ‘विज्ञान टीम’. अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरून जातो. तिथला परीक्षक एम्सचा किंवा एखाद्या प्रयोगशाळेचा असणार. त्याला ‘लो मेडिकल कॅटेगरी’ (आजार किंवा दुखापतीमुळे तंदुरुस्तीची श्रेणी खाली आलेला जवान) म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तेव्हा ते एका वाक्यात सांगून टाका.

आणि विशिष्ट सेवा पदक हा संशोधनाचा पुरस्कार नव्हे. ते २६ जानेवारीच्या यादीत येतं, सेवेच्या एकूण कामगिरीसाठी असतं. त्याच्यासाठी लिहिलेला मजकूर उचलून संशोधनाच्या अर्जात चिकटवला, की पहिलं पान कोविड काळातल्या खाटा आणि रक्तदान शिबिरं यांतच संपतं. परीक्षक संशोधन शोधत बसतो.

पुष्कळ जण ‘अजून काम मोठं झालेलं नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत. त्यांना मी रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगायचे. ब्रिटिश काळात लष्करी डॉक्टरांसाठी पार्क्स स्मृती सुवर्णपदक असायचं. रॉस यांना ते १८९५ मध्ये मलेरियावरच्या निबंधासाठी मिळालं. सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी आणि नोबेल मिळालं १९०२ मध्ये. म्हणजे पदक आधी, शोध नंतर. परीक्षकांपुढे जो कागद येतो त्यावर निवाडा होतो, सबंध कारकिर्दीवर नाही. उलट ज्यांची कारकीर्द मोठी, तेच बहुधा त्यातलं सगळं कोंबतात आणि नेमकं एक काम उठून दिसत नाही.

आता मुख्य मजकूर. साइटेशन इंग्रजीतच जाणार, पण लिहायला बसण्यापूर्वी ते आपल्या भाषेत कुणाला तरी तोंडी सांगून बघा. वॉर्डातल्या नर्सिंग असिस्टंटला सांगा. ‘आधी काय होत होतं, आपण काय केलं, आता जवानाला काय फरक पडला’ हे तीन-चार मिनिटांत सांगता आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नाही. तो मुलगा मध्येच ‘सर, मग आता गोळी कधी द्यायची?’ असं विचारेल. हाच प्रश्न परीक्षकालाही पडणार असतो.

माझ्याकडे यायचं त्या धाटणीचं एक वाक्य घेऊ. आकडे मी नमुन्यासाठी बनवलेले आहेत.

‘सदर क्रांतिकारी संशोधनामुळे रंगरुटांमधील स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण ५० टक्क्यांनी घटले.’

पहिला प्रश्न, किती जणांतून किती? चारांचे दोन झाले तरी ५० टक्केच. दुसरा, निदान कसं केलं? स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला साध्या एक्स-रेवर बरेचदा दिसतच नाही. एका तुकडीला एमआरआय आणि दुसरीला नुसता एक्स-रे असेल, तर फ्रॅक्चर घटलेलं नाही, सापडायचं राहून गेलंय. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. जे रंगरूट मध्येच मागच्या तुकडीत टाकले गेले किंवा घरी गेले, ते छेदात, म्हणजे एकूण संख्येत, धरलेत का? हातपाय दुखतात म्हणून गळालेलेच वगळले, तर उरलेली तुकडी ठणठणीत दिसणारच. चौथा, तुकड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या की आल्या तशा घेतल्या? एक उन्हाळ्यातली नि एक हिवाळ्यातली असेल तर तसं लिहा. लपवलं तर परीक्षक बरोबर शोधून काढतो, आणि एकदा ते सापडलं की पुढचं तो संशयानेच वाचतो.

आता तेच वाक्य दुरुस्त करून:

‘एकाच प्रशिक्षण केंद्रात जुन्या वेळापत्रकाच्या ८०० रंगरुटांपैकी ४० जणांना २४ आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. धावण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या ८१० जणांच्या तुकडीत ते २० जणांना झाले. दोन्हीकडे निदान एमआरआयने केले. तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टना तुकडी कोणती हे सांगितले नव्हते. प्रशिक्षण सोडून गेलेले दोन्ही गणतींत धरले आहेत. तुकड्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नव्हत्या.’

हजारी ५० चे २५ झाले, म्हणजे नव्या पद्धतीने साधारण ४० जणांना शिकवलं की एकाचं हाड वाचतं. हा शेवटचा आकडा जरूर घाला. कमांडिंग ऑफिसरला टक्के भिडत नाहीत, ‘चाळिसामागे एक’ भिडतं. ‘क्रांतिकारी’ कुठे गेलं ते तुमच्या लक्षातही आलं नसेल.

या तऱ्हेचं काम मोठ्या प्रमाणावर कसं दिसतं, हे बघायचं तर १९६९ सालचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध काढून वाचा. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात भराभर चढवलेल्या आपल्या सैनिकांमधल्या विरळ हवेच्या आजारावरचा. सुरुवातीलाच येतं, १,९२५ रुग्ण, वय १८ ते ५३, उंची ३,३५० ते ५,५०० मीटर. त्यांनी उपायही सुचवले होते, त्यातलं फ्युरोसेमाइड पुढे मागे पडलं, आज प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड देतात. पण त्यांची निरीक्षणं जगभर वापरली गेली. म्हणून साइटेशनमध्ये ‘आम्हाला काय दिसलं’ आणि ‘आम्ही काय सुचवतो’ हे दोन वेगळे परिच्छेद ठेवा. सूचना उद्या चुकीची ठरली तरी दिसलेलं दिसलेलंच राहतं.

‘अंमलबजावणी झाली’ असा दावा करणार असाल तर पत्राचा क्रमांक आणि तारीख द्या. वेळापत्रक बदलल्याचा आदेश, सुधारित सूचना, काय असेल ते. कागद नसेल तर ‘अमुक केंद्रात प्रायोगिक तत्त्वावर चालू’ एवढंच लिहा.

श्रेयाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण भांडणं इथेच होतात. लेशमन यांनी १९०० मध्ये इंग्लंडात नेटलीला, डमडमहून ताप घेऊन आलेल्या आणि तिथे दगावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत ते बारीक कण पाहिले. प्रसिद्ध केले १९०३ मध्ये, आणि तेव्हाही त्यांना ते ट्रिपॅनोसोम या दुसऱ्याच परजीवीचे अवशेष वाटत होते. त्याच वर्षी मद्रासला डोनोव्हन यांना तेच कण आढळले. हा नवाच परजीवी आहे हे ओळखून रॉस यांनी नाव दिलं, लेशमॅनिया डोनोव्हनी. काळा आजारावरची लष्करी वैद्यकातली एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्या नावात दोन माणसं आहेत.

तुमच्या साइटेशनमध्येही ‘माझा वाटा’ म्हणून एक स्वतंत्र परिच्छेद असू द्या. कल्पना कुणाची, प्रस्ताव कुणी लिहिला, नमुने कुणी गोळा केले, विश्लेषण कुणी केलं, हे सरळ सांगा. विभागप्रमुखांचं नाव शोधनिबंधात शेवटी आहे म्हणून त्यांना मुख्य संशोधक करू नका, आणि तुम्ही विभागप्रमुख असाल तर होऊही नका. मधेच बदली होऊन गेलेला अधिकारी यादीतून गळतो, तो आधी आठवा. सुभेदारसाहेबांनी उणे तापमानात रक्ताच्या नळ्या सांभाळून खाली आणल्या असतील, तर त्यांचंही नाव घ्या. चमूचा पुरस्कार असेल तर तो एकट्याच्या नावाने मागू नका, इतकं साधं आहे हे, तरी सांगावं लागतं.

संमतीचा कागद हा लष्करी संशोधनातला सगळ्यात नाजूक भाग. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सैन्यदलातल्या लोकांना असुरक्षित गटात धरलंय, कारण वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. फॉल-इनमध्ये (रांगेत) उभं करून ‘सगळ्यांनी सह्या करा’ म्हटलं तर ती संमती नव्हे. साइटेशनमध्ये एक वाक्य असावं. संमती कुणी घेतली, त्या खोलीत वरिष्ठ होते का, नकार देणारे किती आणि त्यांच्यावर काही परिणाम झाला का? नकार देणारे एकही नसतील तर मला तरी शंका येते. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी, दोन्ही जोडा. नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची हवी.

सुरक्षेचं भान इतर कुठल्याच पुरस्कारात लागत नाही तेवढं इथे लागतं. युनिटचा क्रमांक, पोस्टचं नाव, एका ठिकाणी किती माणसं तैनात आहेत, हे मजकुरात येता कामा नये. ‘उत्तरेकडील अतिउंच भाग, ४,००० मीटरच्या वर’ एवढं पुरतं. फोटो जोडत असाल तर मागचा नकाशा आणि दारावरची पाटी नीट बघा. शोधनिबंधाला मिळालेली प्रकाशनाची परवानगी साइटेशनला आपोआप लागू होते असं समजू नका, विचारून घ्या.

बाकीचं थोडक्यात. शब्दमर्यादा पाळा. एका कामाला एकच तक्ता. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मागितला असेल तरच द्या. एमजेएएफआयमध्ये (मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया) छापून आलं म्हणून लाजू नका; ते १९४५ पासूनचं नियतकालिक आहे आणि जवानांच्या प्रश्नाला तिथेच वाचक मिळतात. वरिष्ठांची शिफारस त्यांनाच लिहू द्या. तुम्ही लिहून दिलेल्या शिफारशीत आणि साइटेशनमध्ये तेच चार शब्द सापडतात, आणि परीक्षक हसतात. सगळ्या जोडपत्रांवर क्रमांक घाला, आणि मजकुरात ‘जोडपत्र ३’ असं म्हटलं असेल तर तिसऱ्या जागी खरंच तेच आहे ना, ते उघडून बघा.

मूळ डेटा, संमतिपत्रं, विश्लेषणाची फाइल संस्थेत कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून ठेवा. बदली लेहला किंवा तेजपूरला झाली आणि मागून कुणी शंका काढली, तर फोनवरून कपाट उघडत नाही. आणि अंतिम तारीख शुक्रवारची असेल तर कागद सोमवारी सहीला ठेवा, कारण सीओ साहेबांची टेंपररी ड्यूटी नेहमी बुधवारीच निघते.