गुऱ्हाळ शूट करायचे? तीन आधणे थांबायची तयारी ठेवा

दूरदर्शनवर गुऱ्हाळाचे माहितीपट बहुतेक एकाच साच्यातून निघतात. ड्रोनमधून उसाचा फड, धुराडे, उकळणारा रस, मग मुलाखत. ड्रोन घरी ठेवा. प्रेक्षकाला फडाची उंची बघायची नसते, पाक साधतो की बिघडतो ते बघायचे असते. लवकर उतरवला तर ढेप नीट बसत नाही, उशीर झाला तर पाक करपतो. एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास माणूस टीव्हीसमोर बसतो.

हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो. परवानगी, बॅटऱ्या, कार्डे हे झालेले आहे असे धरतो. घाण्यात ऊस घालणे, चिपाडे वाळवणे, ढेपांची थप्पी, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे हे सगळे ट्रायपॉडवरून निवांत मिळते. प्रत्येक शॉट दहा सेकंद धरा आणि पुढे चला.

अडते ते काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवताना. कॅमेरा एक, क्षण एक, आणि गुळव्या, म्हणजे पाक साधणारा कारागीर, तुमच्यासाठी थांबणार नाही. नवखे लोक त्या वेळी हातात कॅमेरा घेऊन काहिलीभोवती पळतात. हाती येते ती हलणारी वाफ आणि चार पाठी. पळू नका. एक आधण, म्हणजे काहीलभर रसाचा गूळ होण्याची एक खेप, सुमारे अडीच-तीन तासांचे असते आणि दिवसातून अनेक आधणे निघतात. तोच क्षण पुन्हा येणार आहे, याचा फायदा घ्या.

पहिले आधण: नुसते बघा. मळी (रसातला मळ) कधी वर येते, ती काढायला भेंडीचे पाणी कधी घालतात, जाळ कमी करायला कोण सांगतो, काहील उतरवताना कोण कुठे उभा राहतो, हे घड्याळ लावून लिहा. आवाज मात्र रेकॉर्ड करा.

दुसरे आधण: ट्रायपॉडवर वाइड (सगळे दिसेल असा लांबचा शॉट), एकाच जागेवरून, जाळ कमी करण्यापासून पाक वाफ्यात (गार करायच्या उथळ हौदात) ओतून फावडे फिरेपर्यंत. मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही.

तिसरे आधण: फक्त हात आणि चेहरे. गुळव्या थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, ती भांड्यावर आपटून ऐकतो. हात फ्रेममध्ये यायच्या आधी कॅमेरा सुरू हवा आणि हात बाहेर गेल्यावरही तीन सेकंद चालू हवा. नाहीतर एडिटरला कापायला जागाच उरत नाही. गुळव्या आणि काहील यांना जोडणारी एक रेष मनात धरा आणि तिन्ही आधणांत तिच्या एकाच बाजूला राहा. बाजू बदलली की एका शॉटमध्ये तो डावीकडे बघतो, दुसऱ्यात उजवीकडे, आणि जोडणीत तो स्वतःच्याच समोर उभा राहिल्यासारखा दिसतो.

सकाळचे आधण संध्याकाळच्याला जोडू नका, शेडच्या दारातून येणारा उजेड चुगली करतो. तिसरे आधण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला घ्या आणि सदरा तोच घालायची विनंती करा. मात्र निवेदनात ‘हे एकच आधण’ असे म्हणायचे नाही.

आता वाफ. ऑटो फोकस वाफेलाच धरतो आणि ऑटो एक्सपोजरमुळे चित्र उजळते-काळवंडते. दोन्ही बंद. एक्सपोजर चेहऱ्यावर लावा, वाफ पांढरी फटक पडली तरी चालेल. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवले तर शेडमधल्या ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाहीत. एसी गाडीतून कॅमेरा थेट आत नेला की लेन्सवर दव धरते. अर्धा तास आधी झाकण लावून आत ठेवा. उतरवतेवेळी पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला असतो आणि अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. लांब लेन्स वापरा, काहिलीपासून दीड-दोन मीटर मागे राहा आणि उतरवण्याच्या वाटेत ट्रायपॉड नको. उभे कुठे राहायचे ते गुळव्यालाच विचारा.

मुलाखत शेवटी, घाणा बंद असताना. कॉलरखाली छोटा माइक आणि शेवटी तीस सेकंद रिकाम्या शेडचा आवाज. ‘गूळ कसा करतात?’ विचारले की पाठ केलेले भाषण मिळते. ‘पाक झाला हे कशावरून कळते?’ असे विचारा आणि उत्तर संपल्यावरही गप्प राहा. बहुतेक वेळा खरे वाक्य त्या शांततेनंतरच येते. पाक साधायच्या शेवटच्या दहा मिनिटांत मात्र त्याच्याशी अवाक्षर बोलायचे नाही. त्याची नजर हलली तर आधण जाते आणि नुकसान त्याचे होते.

जोडणीत क्रम असा: हात पाण्यात, चेहरा, गोळीचा आवाज, पुन्हा चेहरा, मग एकदम वाइडमध्ये काहील उतरते. चेहऱ्याचा दुसरा शॉट तुम्हाला लांब वाटेल तितका ठेवा आणि त्यावर ना संगीत, ना निवेदन.