कालप्रवासाची गोष्ट लिहिताना: नायिकेला आधी पायऱ्या उतरू द्या

मी मुलांसाठी कालप्रवासाच्या गोष्टी लिहिते. यंत्र दोन ओळींत उरका. मुलांना पलीकडे काय दिसतं याचीच घाई असते.

आधी एकच जागा पक्की करा. समजा, इसवी सनपूर्व २५०० च्या सुमाराचं मोहेंजोदडो. तिथलं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर. नायिकेला त्या पायऱ्या उतरू द्या, तळव्याला ओली वीट लागू द्या. विटांचं प्रमाणही ठरलेलं: जाडीच्या दुप्पट रुंदी, चौपट लांबी. हे तिला स्वतःच्या वितीने मोजून कळू दे, कुणा म्हाताऱ्याच्या भाषणातून नको.

मग काय नव्हतं तेही लिहून काढा. लोखंड नाही, नाणी नाहीत. म्हणजे मणी हवे असतील तर बदल्यात काय द्यायचं? इथेच गोष्ट पुढे सरकते.

भाषेचं मात्र जपून. तिथली लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, तेव्हा मुद्रेवरची, म्हणजे ठसा उमटवायच्या शिक्क्यावरची अक्षरं नायिकेने झटकन वाचली की माझा विश्वासच उडतो. त्यापेक्षा तिथल्या मुलीने आपली मातीची बैलगाडी तिच्याकडे ढकलावी, आणि हिने ती परत ढकलावी.